पातळ भिंतीतला खर्ज

हौशी : ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतल्यावर त्यात एकच गोष्ट बदलायची असेल, तर स्पीकर बदला, असं माझं ठाम मत आहे. उत्तर अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात. तिथली चढाओढ किमतीची असते आणि माहितीपत्रकात काय काय छापता येतं त्याची. ‘आत चार स्पीकर, बाहेर दोन’ एवढं छापून झालं की त्या खात्यातलं काम संपलं. विक्रीच्या आवारात गिऱ्हाईक पलंग दाबून बघतं, फ्रीज उघडून बघतं. स्पीकर लावून कुणी बघत नाही. घरी आणल्यावर छतातला एखादा स्पीकर उतरवा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. जाळी काढली की चार स्क्रू दिसतात, तेही तीनेक मिलिमीटरच्या प्लायमध्ये जेमतेम रुतलेले. हातात येतो तो पत्र्याचा हलका सांगाडा, कागदी कोन आणि दोन बोटांत मावेल असं चुंबक. वरच्या भोकाच्या कडा ओबडधोबड, आत ग्लासवूल किंवा फोमचा थर, आणि त्यातून लोंबणाऱ्या दोन पातळ वायरी. पन्नास ते शंभर डॉलरमध्ये त्याच भोकात बसणारी, बोटींसाठी बनवलेली जोडी मिळते. तिचा कोन पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कडेला रबर असतं, दमट हवेने ती खराब होत नाही. एका दुपारचं काम आहे. इतक्या थोड्या पैशात ट्रेलरमध्ये इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

साशंक : फरक पडतो हे मान्य. पण तुम्ही सगळा दोष स्पीकरच्या माथी मारताय, आणि मला तो दोष स्पीकर जिथे टांगलाय त्या जागेत जास्त दिसतो. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. हे दोन्ही परिणाम एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक, वरच्या आवाजात ही भेट फारशी होत नाही. खालच्या स्वरांच्या लहरी मात्र लांबलचक असतात, त्या कडेने सहज वळून येतात. म्हणून स्पीकरला मागून बंदिस्त खोका लागतो. ट्रेलरच्या छतात खोका कुठे आहे? वर दोन-तीन इंचांची पोकळी, ती पण दिव्यांच्या भोकांनी आणि वायरींच्या वाटांनी सगळीकडे उघडी. ज्या ट्रेलरमध्ये एसीचे डक्ट छतातून गेलेत, तिथे बैठकीतलं गाणं बेडरूमच्या झरोक्यातून बाहेर पडतं. या जागेत पन्नास डॉलरचा स्पीकर लावा नाहीतर पाचशेचा, खालचे स्वर पोकळीतच विरणार. आणि लांब स्क्रू वापरून घट्ट बसवायला जाल तर वरचं रबरी छत भोसकाल. पाणी आत शिरलं की मग स्पीकरचा विषयच राहत नाही, छताचा सुरू होतो.

हौशी : तंबोऱ्याला भोपळा लागतो तसा स्पीकरला खोका लागतो, हे मला कबूल आहे, आणि म्हणूनच मी नुसता स्पीकर बदलून थांबत नाही. आधी बघायचं की पोकळी नेमकी किती खोल आहे; स्पीकर घेताना त्याच्या व्यासाइतकीच मागच्या खोलीची मापं वाचायची. मग भोकाभोवती फोमची चकती बसवायची, म्हणजे पुढची हवा आणि मागची हवा यांच्यात फट राहत नाही. शक्य असेल तिथे मागून उथळ वाटीसारखं आवरण टाकायचं. ओहम तपासायचे. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की दोन ओहम होतात, आणि ट्रेलरमधले बरेच रेडिओ ते सोसायला बनवलेले नसतात, गरम होऊन बंद पडतात. आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे उलटसुलट जोडलेल्या वायरी सरळ करणं. डावा स्पीकर बाहेर ढकलतोय आणि उजवा त्याच वेळी आत ओढतोय, अशी जोडणी मी कारखान्यातून आलेल्या ट्रेलरमध्ये पाहिली आहे. दीड व्होल्टचा साधा सेल वायरीला क्षणभर टेकवला की कोन कुठे हलतो ते डोळ्यांना दिसतं. वायरी बदलल्या की कालपर्यंत गायब असलेला डग्गा परत येतो, एक पैसा खर्च न करता.

साशंक : सेलची युक्ती प्रत्येकाने करून बघावी. पण तंबोऱ्याची उपमा तुमच्याच विरुद्ध जाते. भोपळा स्वतः निनादतो, आवाज वाढवतो. त्याने गप्प राहावं अशी कुणाची इच्छा नसते. स्पीकरच्या खोक्याने मात्र गप्पच राहायचं असतं, मागची लहर कोंडून धरायची असते. ट्रेलरची भिंत आणि छत म्हणजे पातळ प्लाय आणि मध्ये फोम. हे गप्प राहणारं सामान नाही. तंबोरा आलाच आहे तर आणखी एक सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोऱ्यावर आणि वीणेवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते नियमाप्रमाणे उमटायला नकोत. पण वक्र घोडीमुळे तंबोऱ्यात तेही जोरात उमटतात, असं त्यांनी दाखवलं. जवारीची सगळी श्रीमंती या वरच्या उपस्वरांत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण 69 कंपनं करते. पाच-सहा इंचांचा, खोका नसलेला स्पीकर ती वाजवूच शकत नाही. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो. कारण 139, 208, 277 असे तिचे उपस्वर कानावर आले की त्यांचा पाया कोणता हे मेंदू स्वतः ठरवतो आणि तो भरून काढतो. मग ज्या गोष्टीची भरपाई कान फुकट करून देतो तिच्यासाठी छत कशाला उकरायचं? टेबलावर एक बरा ब्लूटूथ स्पीकर ठेवा, हाताच्या अंतरावर. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलच्या आसपास वाढतो. छतातल्या स्पीकरला तोच फायदा मिळवायला चौपट वीज लागेल.

हौशी : कान भरपाई करतो, पण उपस्वर तरी धड ऐकू आले तर. कारखान्याच्या कागदी कोनात तेही चिरकतात. आणि खर्जाची गोष्ट तुम्ही फार सोपी केलीत. 1933 साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आपला कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही, आणि आवाज जितका हळू तितका हा भेदभाव वाढतो. मोठ्याने गाणं लावलं तर 63 कंपनांचा स्वर मधल्या स्वरांइतका ऐकू यायला अठराएक डेसिबल जास्त लागतात. तेच गाणं हळू, घरात बोलतो त्याहूनही खाली आणलं, तर तीसहून जास्त डेसिबल लागतात. म्हणजे आवाज कमी करताना मधले स्वर कमी होतात आणि खालचे जवळजवळ नाहीसे होतात. मग माणूस काय करतो? गाणं बारीक, पोकळ वाटतं म्हणून बटण पुन्हा वर फिरवतो. ट्रेलरमध्ये लोक मोठ्याने गाणी लावतात याचं एक कारण हे आहे की त्यांचे स्पीकर हळू आवाजात काही सांगतच नाहीत. माझी सगळी धडपड मोठ्या आवाजासाठी आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. ती उलट आहे. जेवणाच्या बाकाखाली एक लहानसा, खोक्यासकट येणारा सबवूफर आणि छतात बरे स्पीकर, एवढ्यावर मी रात्री नऊ वाजता इतक्या हळू ऐकतो की पलीकडे पुस्तक वाचणाऱ्या बायकोला त्रास होत नाही, आणि तरी डग्ग्याची घुमारी हरवत नाही. चांगल्या स्पीकरची परीक्षा बटण खाली नेताना होते.

साशंक : हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं, आणि यात तथ्य आहे. बहुतेक जण किती वॅट, किती इंच यावरच बोलतात. पण तुमच्या म्हणण्याचा पुढचा भाग तुम्ही गाळलात. हळू ऐकायचं तर खालचे स्वर तुलनेने जास्त हवेत, आणि नेमके तेच स्वर ट्रेलरची भिंत अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. जितका स्वर खालचा तितकं जास्त. घराची विटांची भिंत थोडंफार करते. ट्रेलरची भिंत मुद्दाम हलकी बनवलेली असते, कारण ती गाडीने ओढायची असते. आतलं बोलणं, व्हायोलिन, झांजा यांतलं बरंचसं ती आत ठेवते आणि डग्गा बाहेर सोडते. शेजारच्या तंबूत झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू येत नाही, फक्त त्याचे ठोके ऐकू येतात. गाणं कळत असतं तर माणूस एखाद्या वेळी सोसतो. नुसते ठोके कुणालाही सोसवत नाहीत.

आणि आतसुद्धा तो खर्ज नीट मिळतो का ते बघा. ट्रेलरची आतली रुंदी साडेसात फुटांच्या आसपास, कारण रस्त्यावर साडेआठ फुटांहून रुंद वाहन चालत नाही. दोन भिंतींमध्ये एवढं अंतर असलं की 75 कंपनांच्या आसपासचा स्वर तिथे उभा राहतो. भिंतीला टेकून बसलेल्याला तो फुगलेला ऐकू येतो आणि मधल्या वाटेत उभ्या असलेल्याला जवळपास ऐकूच येत नाही. मघाचा काळी एकचा खर्ज त्याच्या अगदी शेजारी. बाकावर बसून तुम्ही म्हणणार काय दाणेदार खर्ज आहे, आणि ओट्याशी उभी असलेली व्यक्ती म्हणणार कुठे आहे? खोलीचं हे माप कुठलाही स्पीकर बदलू शकत नाही.

हौशी : खोलीचं माप बदलत नाही, पण सबवूफरची जागा बदलता येते. भिंतीपासून ओढून रुंदीच्या मध्याकडे आणला की तो स्वर तितका चेतत नाही. पलंगाखाली, मधोमध ठेवून पाहा. आणि भिंती हलक्या असल्याचा एक फायदाही आहे: जो खर्ज बाहेर निसटतो तो आत साचत नाही, म्हणून ट्रेलर काँक्रीटच्या खोलीइतका घुमत नाही. खडखडाट मात्र होतो हे खरं. पहिल्यांदा सबवूफर लावला की कपाटाची दारं, चमच्यांचा खण, खिडकीचे पडदे, स्टोव्हवरची काचेची झाकणी, सगळं बोलायला लागतं. त्याला फेल्टच्या चकत्या आणि एक संध्याकाळ लागते. विजेचाही प्रश्न फारसा नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हीटरचा पंखा ओढतो त्यापुढे हळू वाजणारा छोटा अँप्लिफायर काहीच ओढत नाही.

पण भिंतीबाहेरच्या खर्जाचा मुद्दा तुम्ही नीट मांडलात, त्याला उत्तर द्यायला हवं. नियम आहेत. राष्ट्रीय उद्यानांसाठीचा संघीय नियम सांगतो की पन्नास फुटांवर ए-भारित 60 डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. मी त्या 60 डेसिबलच्या कितीतरी खाली असतो. आणि ट्रेलर ही फक्त चार दिवसांची सहल नाही. निवृत्त जोडपी वर्षातले सहा-सहा महिने त्यात राहतात. हिवाळ्यात ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात बघा, ट्रेलरांची गावं उभी राहतात. आपल्यातलेही काही आता त्या वाटेला लागलेत, मुलं मार्गी लागल्यावर. त्यांना तुम्ही सांगणार का, की सहा महिने हेडफोन लावून बसा? दोघांनी मिळून भीमसेन ऐकायचे असतील तर दोघांच्या कानात वेगवेगळी बोंडं घालून ती मैफल होत नाही. कुठली हरकत घेतली, कुठे सम आली, यावर एकमेकांकडे बघायला दोघांच्या मध्ये एकच आवाज लागतो.

साशंक : मैफलीचं मी नाकारत नाही. माझ्याकडे हेडफोनचा हट्टही नाही. पण नियमाचा आधार घेताना त्यातलं ‘ए-भारित’ हे विशेषण दुर्लक्षू नका. त्या मापनात खालचे स्वर मुद्दाम कमी धरले जातात. 63 कंपनांचा आवाज मोजताना 26 डेसिबल वजा होतात. हे माप कानाच्या त्याच भेदभावावर बेतलेलं आहे जो तुम्ही आत्ता समजावलात. म्हणजे 80 डेसिबलचा खर्ज पन्नास फुटांवर पोचला तरी मापक 54 दाखवेल आणि तुम्ही नियमात बसाल. शेजारी मात्र जागा असेल. बरं, तोच नियम पुढे असंही म्हणतो की आवाज 60 च्या खाली असला तरी जागा, वेळ आणि वागण्याचा हेतू बघता तो गैरवाजवी असेल तर तोही निषिद्ध. हा दुसरा भाग कुठल्याही मापकात बसत नाही. तो माणसाने माणसाकडे बघून ठरवायचा आहे.

आणि जागेचं काय? तुम्ही क्वार्ट्झसाइट म्हणालात. मी वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यान म्हणतो. तिथल्या होह वर्षावनात गॉर्डन हेम्प्टन या ध्वनिमुद्रकाने 2005 च्या वसुंधरादिनी एका शेवाळलेल्या ओंडक्यावर छोटा दगड ठेवला आणि त्या जागेला ‘शांततेचा एक चौरस इंच’ असं नाव दिलं. कल्पना अशी की तेवढा एक इंच माणसाच्या आवाजापासून राखला तर त्याभोवतीचे कित्येक मैल आपोआप राखले जातील, कारण आवाज दूरवर जातो. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने अमेरिकेतली संरक्षित क्षेत्रं तपासली, त्यांतल्या 63 टक्के क्षेत्रांत माणसाच्या गोंगाटाने पार्श्वभूमीचा आवाज दुप्पट केला होता. त्यात विमानं, रस्ते, खाणी, कारखाने सगळं आहे, ट्रेलरचे स्पीकर त्यात किरकोळ. पण रस्ता मी बंद करू शकत नाही. माझा रेडिओ करू शकतो.

हौशी : म्हणजे जंगलात संगीत नकोच?

साशंक : तसं मी म्हणत नाही. जंगलात बासरी वाजवणारा मला खटकत नाही. मला खटकतात ते बाहेरचे स्पीकर. ट्रेलरचं दार उजव्या बाजूला असतं, ऑनिंग, म्हणजे बाहेरचं कापडी छप्पर, तिथेच उघडतं आणि कारखाना त्याखाली भिंतीत दोन स्पीकर बसवून देतो. कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर एकाशेजारी एक उभे असतात. तुमच्या उजव्या भिंतीसमोर शेजाऱ्याची डावी भिंत आणि बहुतेकदा त्याची झोपायची खिडकी. मालक त्या स्पीकरच्या खाली, बाजूला खुर्ची टाकून बसतो. म्हणजे ज्याच्यासाठी स्पीकर आहे तो आवाजाच्या रेषेच्या बाहेर, आणि ज्याला तो नको आहे तो बरोबर समोर. लोक सुधारणा करायला घेतात ते इथूनच, कारण उन्हापावसाने हे आधी फाटतात. आणि नवे बसवतात ते जास्त जोराचे.

हौशी : बाहेरच्या स्पीकरच्या जागेबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे मी भांडणार नाही. मी ते बदलले नाहीत, वायरी काढून ठेवल्या. बाहेर ऐकायचंच झालं तर खुर्चीच्या पायाशी छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवतो. तुमचा अंतराचा हिशोब तिथे लागू पडतो. पण एवढ्यावरून आतल्या स्पीकरचं काम सोडून द्यायला मी तयार नाही. माझ्या चांगल्या स्पीकरने मी आवाज खाली आणला, हा फायदा शेजाऱ्यालाही मिळतो. खराब स्पीकरवाला बटण वर नेतो आणि तोच खर्ज नसला तरी चिरका मधला आवाज सगळीकडे पसरवतो, उघड्या खिडकीतून तर नक्कीच. मग शेजाऱ्याचा खरा मित्र कोण?

साशंक : खिडक्या उघड्या असतील तर कदाचित तुम्ही. बंद असतील आणि सबवूफर चालू असेल तर कदाचित तो. उन्हाळ्यात एक उत्तर, हिवाळ्यात दुसरं. वाळवंटात शेजारी शंभर फुटांवर असतो, उद्यानात पंचवीस फुटांवर. तिथेही उत्तर बदलतं. तुम्ही हळू ऐकण्यासाठी खर्ज मागता आणि खर्ज मागितल्यावर हळू ऐकण्याचा अर्धा उद्देश भिंतीतून निघून जातो. ही गाठ तुम्हाला सुटली आहे असं मला वाटत नाही. मलाही ती सुटलेली नाही. मी फक्त सबवूफरपाशी थांबतो, तुम्ही त्याच्या पुढे जाता.

हौशी : मी पुढे जातो कारण मला वाटतं हे बटणाने सांभाळता येतं. सबवूफरला वेगळं बटण असतं. दहा वाजले की ते शून्यावर.

साशंक : आणि नऊ वाजता झोपणाऱ्या लहान मुलांचा तंबू शेजारी असेल तर?

हौशी : मग नऊ वाजता.

साशंक : ते तुम्हाला कळणार कसं, एवढंच माझं विचारणं आहे. आत बसून ते कळत नाही. म्हणून जो कुणी हे काम हातात घेईल त्याला माझी विनंती आहे : सबवूफरचे स्क्रू पक्के करण्याआधी घरातल्या एकाला आत बसवा, नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावायला सांगा, खिडक्या एकदा उघड्या आणि एकदा बंद ठेवा, आणि तुम्ही स्वतः शेजारच्या जागेच्या हद्दीवर जाऊन पाच मिनिटं उभे राहा. तिथे डग्ग्याचे ठोके मोजता आले, तर तो सबवूफर अजून बसवू नका.